नोंदवहीतला एक शेरा

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला पेशंट सहसा दिसत नाही. दिसते ती बाटली. बाटलीवर चिकटपट्टीने डकवलेला कागद, त्यावर घाईघाईत खरडलेले नाव, वय, वॉर्ड नंबर आणि ‘पस फॉर सी अँड एस’ एवढा मजकूर. ‘सी अँड एस’ म्हणजे कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी. या पुवात कोणता जंतू आहे ते शोधा आणि तो कोणत्या औषधाने मरतो ते सांगा, असा त्याचा अर्थ. कोकणातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी अशा बाटल्या जवळजवळ पंचवीस वर्षे उघडल्या. त्यातल्या एका बाटलीची ही हकीकत आहे. खरे म्हणजे दोन बाटल्यांची. दोन्हींमध्ये आठ पावसाळ्यांचे अंतर होते.

पण त्याआधी आमचा धंदा काय असतो ते थोडे सांगितले पाहिजे. कारण रिपोर्ट हातात पडला की चांगली शिकलीसवरलेली माणसेही तो पंचांगासारखा वाचतात. छापले आहे ना, मग ते खरेच! त्या कागदामागे किती अंदाज, किती धीर आणि कधी कधी किती आळस असतो, याची कल्पना फारच थोड्यांना असते.

पुवाच्या, लघवीच्या किंवा मातीच्या एका कणात जंतू एकटा क्वचितच सापडतो. जत्रेत हरवलेले पोर शोधावे तसे त्याला शोधावे लागते, आणि त्या पोराचा फोटोही बहुधा आपल्यापाशी नसतो. म्हणून पहिले काम गर्दी पांगवण्याचे. तारेच्या टोकाला एक बारीक कडे असते, त्याला आम्ही लूप म्हणतो. तो बर्नरवर लाल करायचा, गार होऊ द्यायचा, त्यावर नमुन्याचा कण घ्यायचा आणि थाळीतल्या जेलीवर रेघोट्या ओढायच्या. लूप पुन्हा भाजायचा आणि आधीच्या रेघांच्या टोकातून नव्या रेघा ओढायच्या. असे तीन-चारदा केले की लूपवर इतके थोडे जंतू उरतात की ते जेलीवर एकेकटे पडतात. रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवले की त्या एकेकट्याची लाखो पिल्ले होऊन टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसू लागतो. एका ठिपक्यात एकाच कुळाची प्रजा. जंतू ‘वेगळा काढणे’ म्हणतात ते हे. पुस्तकात एका वाक्यात संपते. हाताला वळण लागायला वर्ष जाते.

रॉबर्ट कॉखने आरंभी हे उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर केले. पुढे त्याने जिलेटिन वापरले, पण ते उष्मापेटीत पातळ होई आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकत. यावर तोड सुचवली ती त्याच्या प्रयोगशाळेतल्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी, १८८१ च्या सुमारास. त्या घरी जेलीत आणि पुडिंगात अगर घालत. जावात राहून आलेल्या एका शेजाऱ्याकडून त्या ही युक्ती शिकल्या होत्या. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास मिळते ना, तेच हे. १८८२ साली कॉखने क्षयाच्या जंतूवरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, पण फॅनीबाईंचे नाव काही घेतले नाही. (आमच्या शाखेत बायका पुष्कळ. त्यामुळे ही गोष्ट दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली जाते.)

वेगळा काढला, आता ओळखायचा. ग्रॅमच्या रंगात जांभळा राहतो की गुलाबी होतो, कोणती साखर आंबवतो, ऑक्सिडेजच्या कागदावर जांभळा डाग देतो की नाही, हलतो की एका जागी बसतो, असे एकेक प्रश्न त्याला विचारायचे. सोयरीक जुळवताना कूळ, गाव, मामाचे आडनाव विचारतात, त्यातलाच हा प्रकार. उत्तरे जंतू देतो आणि खरीच देतो. मात्र प्रश्न आपल्याला सुचावे लागतात.

आणि या सगळ्याच्या आधी नमुना. क्षयाच्या तपासणीसाठी बेडका मागावा तर डबीत थुंकी येते. ‘सकाळी चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोका,’ हे मी किती हजार वेळा सांगितले असेल! रक्ताचे कल्चर पाठवायचे ते अँटिबायोटिकचे चार डोस होऊन गेल्यावर. लघवीची बाटली दुपारभर खिडकीत उन्हात. मग आम्ही दोन दिवस थाळीकडे पाहत बसायचे आणि शेवटी लिहायचे, ‘जंतू आढळले नाहीत’. वॉर्डात त्याचा अर्थ होतो, जंतू नाहीत. घरचे लोक म्हणतात, ‘रिपोर्ट चांगला आला.’

याच्या उलट दुसरी तऱ्हा. जंतू उगवतो, पण तो पेशंटचा नसतो. सुई टोचताना कातडीवरचा येतो, नळाच्या पाण्यातला येतो, क्वचित जंतुनाशकाच्या बाटलीतलासुद्धा येतो. त्याला आम्ही कंटॅमिनेशन म्हणतो. हा शब्द खराही आहे आणि सोयीचाही. आपल्याला न ओळखणारा जंतू उगवला की तो फार पटकन ओठावर येतो.

२००४ च्या ऑगस्टात ती पहिली बाटली आली. पेशंट पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा, भाताची शेती करणारा, जुना मधुमेही. दीड महिना ताप. छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणून बाहेर कुठेतरी क्षयाची औषधे सुरू झालेली. बेडक्यात मात्र क्षयाचे जंतू एकदाही दिसलेले नाहीत. मांडीवर गळू आले होते, ते फोडून पू पाठवला होता. हे सगळे मला तेव्हा ठाऊक होते असे समजू नका. बाटलीवर फक्त नाव, वय आणि ‘पस’ एवढेच होते. बाकीचे मी फार उशिरा वाचले.

दुसऱ्या दिवशी थाळीवर दुधाळ, गुळगुळीत, अगदी सामान्य दिसणारे ठिपके आले. ग्रॅम-निगेटिव्ह दांडी, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, साखर न आंबवणारी. अशा जंतूंना त्या काळी आम्ही सरसकट ‘स्यूडोमोनास प्रजाती’ म्हणत असू. ही मंडळी मोरीत, नळात, फुलदाणीतल्या पाण्यात, सगळीकडे असतात. औषधांच्या चकत्या लावल्या. जेंटामायसिनच्या चकतीला त्याने दाद दिली नाही. को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हच्या चकतीभोवती मात्र तो वाढलाच नाही. हे विचित्र होते. आमच्या नेहमीच्या स्यूडोमोनासचे बरोबर उलटे असते. जेंटामायसिनने तो बहुधा मरतो आणि को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हला भीक घालत नाही. मी ते पाहिले, लिहूनही ठेवले, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात नोंद केली: ‘बहुधा कंटॅमिनेशन. पुन्हा नमुना पाठवावा.’

पुन्हा नमुना आला नाही. का आला नाही, हे मी विचारले नाही.

दुसरी बाटली २०१२ च्या जुलैमधली. ही रक्ताच्या कल्चरची होती. तिसऱ्या दिवशी ती गढूळ झाली म्हणून आमच्या तंत्रज्ञाने थेंब घेऊन स्लाइड रंगवली आणि म्हणाला, ‘मॅडम, जरा बघता का? हे काहीतरी वेगळंच दिसतंय.’ मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गुलाबी दांड्या होत्या, पण दोन्ही टोकांना रंग गडद आणि मधे पोकळ. मिटलेल्या सेफ्टी पिनेसारख्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण ही पिन मी पूर्वी पाहिली होती. स्लाइडवर नव्हे, फळ्यावर.

१९९४ साली मी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होते. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले होते. ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात काखेत आणि जांघेत गाठी येऊन तापाचे पेशंट निघाले आणि सप्टेंबरात सुरतेत माणसे फुफ्फुसाच्या आजाराने पटापट जाऊ लागली. प्लेग! सुरतेहून गाड्या भरभरून लोक पळाले. मुंबईत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे लोकलमध्ये एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. आमच्या सरांनी त्या दिवशी ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि फळ्यावर मोठी सेफ्टी पिन काढली. म्हणाले, ‘आयुष्यात एकदा दिसेल किंवा दिसणार नाही. पण दिसली तर विसरू नका.’

प्लेगच्या जंतूची गोष्टही त्यांनी त्याच तासाला सांगितली. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ असताना जपानचे कितासातो आणि फ्रेंचांकडून आलेले येर्सिन असे दोघे एकाच वेळी जंतूच्या मागावर होते. कितासातोंकडे सुसज्ज प्रयोगशाळा आणि उष्मापेटी. येर्सिनना शवागारात प्रवेशही मिळेना. त्यांनी एक गवती झोपडी उभारली आणि प्रेते पुरणाऱ्या खलाशांना पैसे चारून गाठीतला पू मिळवला. उष्मापेटी नसल्याने त्यांच्या थाळ्या उघड्या हवेच्या उबेत राहिल्या, आणि तेच पथ्यावर पडले. कारण प्लेगचा जंतू २८-३० अंशांवर अधिक खुशीने वाढतो. कितासातोंच्या उष्मापेटीत त्याच्याबरोबर न्यूमोनियाचाही जंतू वाढला असावा असे आता मानले जाते. त्यांचे वर्णन त्यामुळे गोंधळले. आज जंतूच्या नावात येर्सिन आहेत.

१९९४ ची साथ नक्की कशाची, यावर मात्र पुढे बराच काळ तज्ज्ञांत वाद चालला. जंतू वेगळा काढून तो सर्वांसमोर ठेवण्याचे काम वेळेवर आणि निःसंशय झाले नव्हते. नमुने उशिरा घेतलेले, तोवर लोकांनी गोळ्या खाल्लेल्या. २००० साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय परीक्षा करून तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवले. पण मधल्या वादात एक दुसरे नाव उच्चारले गेले होते, तेही सेफ्टी पिनेसारख्या दिसणाऱ्या जंतूचे. तेव्हा ते माझ्या कानावरून गेले होते. डोक्यात शिरले नव्हते.

२०१२ च्या त्या सकाळी मी वॉर्डात फोन लावला. कर्नाटकात शिकून नुकताच आमच्याकडे आलेला एक तरुण फिजिशियन होता. मी घाबऱ्या आवाजात पिनेबद्दल सांगितले. तो म्हणाला, ‘मॅडम, मला प्लेग वाटत नाही. हे गृहस्थ मधुमेही आहेत, लावणी करून आलेत आणि यांच्या प्लीहेत गळवे आहेत. प्लेट्स चार दिवस टाकून देऊ नका. आणि झाकण उघडून वास तर मुळीच घेऊ नका.’

वास मी घेऊन झाला होता! आमच्या पिढीला ती सवयच होती. नेहमीच्या स्यूडोमोनासला द्राक्षांसारखा वास येतो, कुणाला आंबूस, कुणाला कुजकट. नाकाने ओळखणारी माणसे हुशार समजली जात. या थाळीला पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास होता. छान वाटला होता. पुढे मला आणि आमच्या तंत्रज्ञाला एकवीस दिवस को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आणि रोज संध्याकाळी ताप मोजावा लागला. आम्हा दोघांना काही झाले नाही. पण त्या एकवीस दिवसांत पेशंट म्हणजे काय ते मला जरा कळले.

चौथ्या दिवशी त्या दुधाळ, सामान्य ठिपक्यांचे रूप पालटले. कोरडे, सुरकुतलेले, उन्हात वाळत घातलेल्या पापडाच्या कडेसारखे दुमडलेले. चोवीस तासांत रिपोर्ट देऊन थाळी ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याची आमची शिस्त. त्यामुळे हे रूप आजवर आम्हाला दिसलेच नव्हते. मग तीन चकत्या लावल्या: जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह. पहिल्या दोहोंना जंतू अगदी चिकटून उगवला, तिसरीपासून लांब राहिला. आम्ही शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे तो जंतू पाठवला आणि उत्तर आले: बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय. आजाराचे नाव मेलिऑयडोसिस.

हा काही परदेशी पाहुणा नव्हे. १९११ साली रंगूनच्या रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी यांना मॉर्फिनची सुई टोचून घेणाऱ्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांच्या प्रेतांत फुफ्फुसभर आणि यकृतभर गळवे दिसली. जंतू घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगाच्या जंतूसारखा होता, पण तो हलत होता आणि भराभर वाढत होता. म्हणजे हा वेगळा, असे त्यांनी ठरवले. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच भाग होता आणि तो शोध १९१२ मध्ये छापला गेला तो ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये. आपल्याच मासिकात छापलेली गोष्ट आपण विसरलो. मुंबईतल्या एका बालरुग्णाची केस ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये छापून आली ती १९९१ साली. त्यानंतर वेल्लोरच्या आणि मणिपालच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी शोधायला सुरुवात केली, आणि शोधल्याबरोबर पेशंट सापडत गेले. विशेषतः किनारपट्टीवर, पावसाळ्यात, मधुमेह असलेल्यांत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या अंदाजानुसार जगात दर वर्षी या आजाराचे सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण असावेत आणि त्यातले ८९ हजार दगावत असावेत; यातला सर्वांत मोठा वाटा दक्षिण आशियाचा. म्हणजे आपला. प्रत्यक्ष नोंदलेल्या रुग्णांचा आकडा मात्र याच्या आसपासही नाही.

जंतू राहतो मातीत आणि साचलेल्या पाण्यात. पायाच्या चिरेतून, श्वासातून, पाण्यातून शरीरात शिरतो. कधी चार दिवसांत माणूस नेतो, कधी महिनोन् महिने क्षयाचे सोंग घेऊन राहतो. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असलेल्या एका अमेरिकन माणसात तो ६२ वर्षांनी बाहेर आल्याची नोंद आहे. छोट्या रुग्णालयांत तापाला पहिल्यांदा दिली जाणारी स्वस्त औषधे याच्यावर चालत नाहीत. जेंटामायसिन तर नाहीच. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दोन आठवडे आणि नंतर को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या तीन महिने किंवा अधिक, असा लांबलचक उपचार आहे. आमच्या त्या गृहस्थांनी तो नेटाने पुरा केला आणि ते बरे झाले.

ते घरी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाटातून जुन्या नोंदवह्या काढल्या. काय शोधायचे ते आता ठाऊक होते. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन नाही, को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह होय. आठ वर्षांत अशा चार नोंदी मिळाल्या. चारही जून ते ऑक्टोबरमधल्या, चारही माझ्या अक्षरात, आणि चारही ठिकाणी तोच शेरा. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन केसपेपर मागवले. तीन मिळाले नाहीत. वाळवी आणि पाऊस यांच्यापुढे आमच्या रेकॉर्ड रूमचे काही चालत नसे. मिळाला तो २००४ चा. तापाचा इतिहास, क्षयाची औषधे, मधुमेह, शेती, सगळे त्यात ओळीने लिहिले होते. त्यांना जेंटामायसिन दिले जात होते. माझा रिपोर्ट पिनेने लावलेला होता आणि त्यातल्या ‘बहुधा कंटॅमिनेशन’ या शब्दांखाली कुणीतरी निळ्या शाईने रेघ मारली होती. दोन पानांनंतर मृत्यूची नोंद. बाटली प्रयोगशाळेत आल्यापासून चौथ्या दिवसाची.

ते जंतू मेलिऑयडोसिसचेच होते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते पारखायला ते उरलेलेच नाहीत. त्याच आठवड्यात शिस्तीप्रमाणे ऑटोक्लेव्ह झाले होते. केसपेपरवर पत्ता होता. माझ्या घरापासून एसटीने पाऊण तास. मी गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? पण हेही खरे की न जाण्याला मी शोधलेले ते निमित्त होते.

हल्ली मला तरुण सहकारी सांगतात की आता हे प्रश्न उरले नाहीत, यंत्रे आली आहेत. यंत्रे आली आहेत हे खरे. माल्डी-टॉफ नावाचे यंत्र ठिपक्यातला एक कण घेते, त्यावर लेसर सोडते आणि त्यातल्या प्रथिनांच्या वजनांचा आलेख आपल्या साठ्यातल्या आलेखांशी ताडून मिनिटभरात नाव छापते. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा थक्क झाले. निवृत्तीनंतर एका खासगी प्रयोगशाळेत अधूनमधून जात असे. तिथे एकदा पावसाळ्यात अशाच एका यंत्राने नाव छापले, ‘बर्खोल्डेरिया थायलँडेन्सिस’. हा आपल्या जंतूचा निरुपद्रवी चुलतभाऊ. माणसाला तो क्वचितच बाधतो. पेशंट मधुमेही, यकृतात गळू. मी तीन चकत्या लावायला सांगितल्या. उत्तर तेच आले, आणि मोठ्या केंद्राने त्याच्यावर शिक्कामोर्तब केले. यंत्राची चूक म्हणावी तर तसे नाही. घातक समजल्या जाणाऱ्या जंतूंचे आलेख सुरक्षिततेसाठी वेगळ्या साठ्यात ठेवतात. तो साठा नसेल तर यंत्र जवळात जवळचे नाव सांगते. फळ्यावर जे काढलेले नव्हते ते मलाही ओळखता आले नव्हते. फरक एवढाच की यंत्र ‘बहुधा’ असे लिहीत नाही.

कोविडनंतर पीसीआर हा शब्दही घराघरात पोचला आहे. तीही मोठी शक्ती आहे, पण ती विचारते, ‘तू अमुक आहेस का?’ उत्तर हो किंवा नाही. थाळीवर जंतू वाढवणारा विचारतो, ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न वेळखाऊ आणि वास मारणारा आहे. तरी ज्याचे नाव आपल्या यादीतच नाही, तो भेटण्याची आशा त्यातच जास्त.

आता शेवटची गोष्ट मातीची. बरे झालेल्या त्या गृहस्थांच्या मनात एकच घोळत होते: ‘माझ्याच शेतात आसा काय तो?’ त्या महाविद्यालयातल्या संशोधकांनी तपासायचे कबूल केले. २०१३ च्या नोव्हेंबरात, कापणी झाल्यावर, ते आले. पद्धत ठरलेली आहे. शेतात सारख्या अंतरावर शंभर जागा आखायच्या, प्रत्येक जागी फूटभर खोल खणायचे आणि तिथली दहा ग्रॅम माती घ्यायची. वर ऊन लागते, माती सुकते. हा जंतू खाली ओलीत दडून असतो. कुणग्यात शंभर खड्डे पडलेले पाहून बांधावर गर्दी जमली. एका म्हाताऱ्याने मला विचारलेही, ‘बाई, खजिनो गावलो काय?’

ती माती कोलिस्टिन घातलेल्या पाण्यात मुरवतात आणि ४० अंशांवर दोन दिवस ठेवतात. खायला फक्त एक अमिनो आम्ल, थ्रिओनिन. मातीतली बाकी प्रजा त्या औषधाने आणि उपासमारीने हटते, हा टिकतो. ज्या गुणामुळे वॉर्डात तो औषधांना जुमानत नाही, तोच गुण इथे त्याला पकडून देतो. मग जेंटामायसिन आणि जांभळा रंग घातलेल्या अगरवर त्याला वाढवायचे. अ‍ॅशडाउन नावाच्या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये ही जेली बनवली. एवढे करूनही मातीचे काही खरे नसते. मातीतले बहुसंख्य जंतू आमच्या थाळीवर उगवतच नाहीत. शंभरात एखादा उगवला तर उगवला. एका खड्ड्यात असलेला शेजारच्या खड्ड्यात नसतो.

महिन्याभराने रिपोर्ट आला. शंभरही नमुन्यांत जंतू आढळला नाही.

तो माझ्या टेबलावरून त्या गृहस्थांकडे जायचा होता. मी खाली पेनाने लिहिले: ‘शेरा: यावरून शेतात जंतू नाही असे समजू नये.’ सही केली. ते रिपोर्ट घ्यायला आले, येताना घरच्या आमसुलांची पिशवी घेऊन. कागद त्यांनी मुलाकडून वाचून घेतला, मग स्वतः हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला.

‘बाई, म्हणजे आसा काय नाय?’

मी म्हटले, ‘मला माहीत नाही. साखर सांभाळा, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि गमबूट घालून जा.’

‘चिखलात बूट रुततंत ओ,’ ते हसून म्हणाले. ‘आणि शेतात गेलंय नाय तर खातलंय काय?’

पुढच्या पावसात बाजारात भेटले तेव्हा त्यांनी बूट घेतल्याचे सांगितले. दोन दिवस वापरले, मग बांधावर काढून ठेवले, म्हणाले.